हातांचं काय करायचं?

लग्नाच्या दिवशी माणसाला पहिल्यांदा कळतं की आपल्याला दोन हात आहेत. एरवी ते आपापली कामं करत असतात, कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. समोर कॅमेरा आला आणि त्यामागचं माणूस "हं, असेच उभे राहा" म्हणालं, की ते एकाएकी जड होतात. खिशात घालावेत तर उद्धट दिसतील, समोर बांधावेत तर भांडायला आल्यासारखं वाटेल, नुसते सोडून द्यावेत तर ते आपलेच आहेत हे पटत नाही. मग नवरा मुलगा एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पकडतो. नवरी कपड्याची एकच चुणी पुन्हा पुन्हा सारखी करत राहते. आणि दोघंही मला विचारतात, "हातांचं काय करायचं?"

मी लग्नांचे फोटो काढते, बरीच वर्षं. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं: डावा इथे, उजवा तिथे, बोटं सैल. हात जागेवर जातात. मग मान ताठ होते. मान सैल करायला सांगितली की ओठ आवळले जातात. ओठांकडे वळावं तर खांदे कानापर्यंत चढलेले. अवघडलेपण हे आगंतुक पाहुण्यासारखं आहे. एका खोलीतून घालवलं की दुसऱ्या खोलीत जाऊन बसतं.

मी स्वतः कॅमेऱ्यासमोर खुलणाऱ्यांपैकी नाही. घरच्या फोटोंत मी एक तर नसतेच, आणि असले तर नुकतीच काही वाईट बातमी कळलेली असावी असा चेहरा करून असते. त्यामुळे "बिनधास्त राहा, नॅचरल राहा" असं मी कुणाला सांगत नाही. नॅचरल राहण्याची सूचना ऐकून नॅचरल राहिलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

मुळात आपण त्या दोघांकडे मागतोय काय, हे बघा. ज्यांचा पेशाच कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा आहे, ती मंडळी त्याचा वर्षानुवर्षं सराव करतात. हनुवटी किती खाली, वजन कुठल्या पायावर, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. आणि इथे बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारी दोन माणसं. त्यांचे आजवरचे बहुतेक फोटो हात लांब करून फोनवर काढलेले. त्यांना आयुष्यातल्या सगळ्यात घालमेलीच्या दिवशी, झोप अपुरी, कपडे नवे, बूट नवे, सगळं गणगोत भोवती, अशा अवस्थेत आपण आठ-दहा तास कॅमेऱ्यासमोर ठेवतो आणि वर म्हणतो, "रिलॅक्स!" अवघडणं हेच त्यातलं शहाणपणाचं वागणं आहे. ज्याला या सगळ्याचं काहीच वाटत नाही, त्याच्याबद्दल मला उलट जरा शंका येते.

भीती नेमकी कशाची असते, यावर मी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून खूप विचार केला आहे. माणसांच्या बघण्याचं एवढं काही वाटत नाही. बघणारा समोर दिसतो, त्याचा चेहरा वाचता येतो, तो हसला की आपण हसतो, त्याच्या कपाळाला आठी पडली की आपण सावरून घेतो. कॅमेऱ्यातून बघणारा मात्र तिथे हजरच नसतो. तो पुढे कधीतरी येणार आहे: वीस वर्षांनंतरचे आपण, अजून जन्माला न आलेली मुलं, कधी न भेटलेले कुणीतरी. त्यांना काय वाटेल हे आत्ता कळायला मार्ग नाही, म्हणून आपण आधीच सगळं आवरून ठेवतो. पोट आत, हनुवटी वर, श्वास कोंडलेला.

हे श्वास कोंडणं तसं जुनं आहे. १८३९ मध्ये डागेरोटाइप हे फोटो काढण्याचं सुरुवातीचं तंत्र जगापुढे आलं तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला कित्येक मिनिटं लागत. त्याच वर्षी फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने स्वतःच स्वतःचा फोटो काढला. माणसाचे जे सगळ्यात जुने फोटो आज शिल्लक आहेत, त्यांत त्याची गणना होते. तो चौकटीच्या मधोमध नाही, जरा एका बाजूला आहे. केस विस्कटलेले आहेत. आणि हात? छातीशी बांधलेले. तो फोटो बघितला की मला बरं वाटतं. कॅमेऱ्यासमोर आलेल्या अगदी सुरुवातीच्या माणसांनाही हाच प्रश्न पडला असावा.

मग स्टुडिओ आले आणि तिथे डोकं हलू नये म्हणून मागून मानेला लावायचा लोखंडी आधार आला. तेव्हाची जोडपी त्याला डोकं टेकवून, गंभीर चेहऱ्याने बसत. हसू तेवढा वेळ टिकत नाही. गंभीर असण्याचं ते एकमेव कारण नव्हतं, पण एक कारण नक्कीच होतं. स्थिर राहणं ही त्या काळी यंत्राची गरज होती. आज दुपारच्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडतं. धावतं मूल त्यात लख्ख थांबतं. तरी माणूस कॅमेऱ्यासमोर आला की पुतळा होतो, जणू तो आधार अजून मानेला लावलेलाच आहे.

बरं, लग्नाच्या दिवशीच फोटो निघाले पाहिजेत असंही पूर्वी नव्हतं. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचं लग्न १० फेब्रुवारी १८४० रोजी झालं. त्या दिवसाचा एकही फोटो नाही. १८५४ मध्ये रॉजर फेंटनने तिचे आणि प्रिन्स अल्बर्टचे फोटो काढले. ते आजही कित्येक ठिकाणी त्यांच्या लग्नाचे फोटो म्हणून फिरतात. लग्नाला तोवर चौदा वर्षं झाली होती. मला हे सोयीचं वाटतं खरं. लग्न आधी उरकून घ्यावं, फोटो चौदा वर्षांनी सवडीने काढावेत. कुणाला हा पर्याय सुचवायची माझी हिंमत झालेली नाही.

आणि फोटोत हसायचं असतं, हेही आपण शिकलोय. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी १९०५ ते २०१३ या काळातल्या अमेरिकी शाळांच्या वार्षिकांमधले विद्यार्थ्यांचे हजारो फोटो संगणकाला तपासायला लावले. दशकागणिक ओठांची कड वर वर सरकत गेलेली दिसली. सुरुवातीची मुलं काही कमी सुखी होती असं नव्हे. फोटोसाठी कुठला चेहरा करायचा, याची रीत बदलली.

या हसण्याने सगळ्यात जास्त घोळ घातला आहे. फ्रेंच वैद्य ड्युशेन याने १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवरचं आपलं काम प्रसिद्ध केलं. त्याने विजेच्या सौम्य प्रवाहाने एकेक स्नायू वेगळा हलवून बघितला होता. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा, गाल किंचित वर ढकलून डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पाडणारा, तो मनापासून आनंद झाल्यावरच नीट हलतो, असं त्याचं निरीक्षण. पुढे असंही दिसलं की बऱ्याच जणांना तो स्नायूही ठरवून आवळता येतो. माझा अनुभव विचाराल तर येतो, पण टिकत नाही. पहिल्या क्लिकला हसू असतं, तिसऱ्याला त्याचा नुसता आकार उरतो, सहाव्याला दात दिसत असतात आणि डोळे मदत मागत असतात. म्हणून मी "स्माइल" हा शब्दच वापरत नाही. कुणी फारच आवळलं असेल तर म्हणते, डोळे मिटा, तोंडाने लांब श्वास सोडा, मी सांगेन तेव्हा उघडा आणि माझ्याकडे नको, शेजारी बघा. डोळे उघडल्यावर पहिल्या क्षणात माणसाने चेहरा अजून धारण केलेला नसतो. तो क्षण फार लहान असतो, पण शटरला पुरतो.

शेजारी बघा, यात बरंच काही आलं. कॅमेऱ्याकडे बघणारं माणूस आपण कसे दिसतोय याचा विचार करतं. दुसऱ्या माणसाकडे बघणारं माणूस, निदान काही सेकंद, त्याचा विचार करतं. मला जे थोडंफार कळलंय ते एवढ्याच भोवती फिरतं: दिसणं हे काम तुमच्या अंगावर आहे तोवर तुम्ही अवघडलेलेच राहणार. ते काम फोटोग्राफरला देऊन टाका, त्यासाठीच तर त्याला बोलावलंय. तुम्ही दुसरं काहीतरी करा. खरंखुरं काहीतरी, शरीराला गुंतवणारं.

फिलिप हॉल्समन हा 'लाइफ' नियतकालिकाच्या शंभराहून अधिक मुखपृष्ठांचा फोटोग्राफर. पन्नासच्या दशकात त्याला एक नाद लागला होता. नामांकित माणसांचा फोटो रीतसर काढून झाला की तो त्यांना म्हणायचा, आता एक उडी मारा. त्याचं म्हणणं असं की उडी मारताना माणसाचं सगळं लक्ष उडीत जातं आणि तोंडावरचा मुखवटा गळून पडतो. मेरिलिन मन्रोने उडी मारली, रिचर्ड निक्सननेही मारली. आणि १९३६ मध्ये हव्या त्या बाईशी लग्न करण्यासाठी ज्याने इंग्लंडची गादी सोडली, तो विंडसरचा ड्यूक आणि त्याची डचेस, या दोघांनीही बूट काढून, जोडीने उडी मारली. राजघराण्यात वाढलेला माणूस. कसं उभं राहायचं, हातांचं काय करायचं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं असणार. उडीत त्यातलं काही चालत नाही.

मी जोडप्यांना उड्या मारायला लावत नाही. एक तर ती आता स्वतःच एक पोझ झाली आहे, आणि लग्नाच्या कपड्यांत पाय मुरगळण्याची जोखीम कोण घेणार? पण हॉल्समनची युक्ती उडीवाचूनही चालते. चालायला लावते, रमतगमत नव्हे, जरा झपाझप, कुठेतरी पोचायचं असल्यासारखं. एकमेकांची बटणं, गाठी, दागिन्यांचे फासे लावायला सांगते, आणि ते खरोखर अडकलेले असतील तर फारच उत्तम. कानात काहीतरी सांगायला लावते. काय सांगायचं ते मी सुचवलं तर तो फुसका विनोद होतो, म्हणून विचारते, आज सकाळपासून यांना सांगायचं राहून गेलेलं असं काही आहे का? असतंच. बहुधा ते अजिबात रोमँटिक नसतं. "तुझ्या काकांची गाडी बंद पडली आहे" असंही असतं. फोटोला चालतं.

एका लग्नातला नवरा मुलगा ध्वनिव्यवस्थेचं काम करणारा होता. सकाळपासून त्याचा एकही धड फोटो मिळालेला नव्हता. कॅमेरा त्याच्या दिशेला वळला की तो ओळखपत्राच्या फोटोसाठी उभा राहायचा: खांदे सरळ, नजर समोर, श्वास बंद. त्याची बहीण मला दोनदा येऊन सांगून गेली, "तो असाच आहे, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." आणि मग भाषणं सुरू होणार तेवढ्यात माइक बंद पडला. दोघं-तिघं माइकवर टिचक्या मारून बघत होते, त्यात कुणीतरी तो फुंकून बघितला, आणि हे त्याला सहन झालं नाही. तो उठला. लग्नाच्या कपड्यांनिशी साउंडच्या टेबलामागे गेला, बाह्या वर केल्या, गुडघ्यावर बसून एकेक वायर हाताने चाचपत गेला. घरातली मोठी माणसं अस्वस्थ झाली. कुणीतरी "अरे, आज तरी!" म्हणालं. नवरी मात्र टेबलाला टेकून उभी राहिली आणि त्याला टॉर्च दाखवत राहिली. दोष सापडला तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या वेळात मला मिळालेले त्याचे फोटो हे त्याचे फोटो आहेत. बाकीच्यांत नुसते त्याचे कपडे आहेत. हातांचं काय करायचं, हे त्या वेळी त्याने मला विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, हे तर कॅन्डिड झालं, म्हणजे माणसाच्या नकळत टिपलेला फोटो. हा प्रकार एके काळी छान होता. आता कॅन्डिड ठरवून होतं. "माझ्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघून हसा, हां, अजून थोडं मोठ्याने, आता खाली बघा." कॅमेरा नाहीच असं भासवायचं आणि तेही कॅमेऱ्यासाठी. माझ्या मते यापेक्षा समोर नीट उभं राहून लेन्समध्ये थेट बघून काढलेला फोटो जास्त प्रामाणिक असतो. त्यात निदान सगळ्यांना ठाऊक असतं की फोटो काढला जातोय. काही माणसांना तोच सोपाही जातो. त्यांना नाटक नको असतं, कुठे उभं राहायचं ते सांगा आणि मोकळे करा, असा त्यांचा स्वभाव. अशांना मी उगाच खेळवत नाही.

जोडपी हल्ली फोनमध्ये साठवलेले फोटो घेऊन येतात. असा हवा, तसा हवा. मी बघते, कारण त्यातून आवड कळते. पण त्यातलं पाठ फिरवून चालणं, वळून बघणं, कपाळाला कपाळ लावणं हे दुसऱ्या कुणाचं तरी मोकळेपण असतं, किंवा मोकळेपणाची त्यांनी केलेली नक्कल. ते अंगावर चढवायला गेलं की मापात बसत नाही. आपण दोघं घरी कसे बसतो, कशावर भांडतो, हसवायचं काम कोणाचं आणि शांत करायचं कोणाचं, हे सांगितलंत तर मला जास्त उपयोग होतो.

यातूनच फोटोग्राफर निवडण्याचा मुद्दा येतो. सगळे जण आधी त्याचं काम बघतात, बघावंच. पण कामाइतकंच हेही बघा की या माणसाबरोबर तासभर बसवतं का. दिवसभर आईवडिलांपेक्षाही जवळ तेच माणूस असणार आहे, तुम्ही रडाल तेव्हा तीन फुटांवर तेच असेल. लग्नाआधी एखादं छोटं शूट केलं तर त्याचा खरा उपयोग फोटोंसाठी नसतोच. शटरचा आवाज कानांना ओळखीचा होतो, हा माणूस सूचना कशा देतो ते कळतं, आणि आपले फोटो बघून "अरे, इतकं काही वाईट नाही" हे लग्नाच्या आधीच वाटून जातं.

आणि सांगायचं ते आधी सांगून टाका. एका बाजूने ऐकू कमी येतं, गळ्यावरच्या व्रणाचं अजून वाईट वाटतं, चारचौघांत जवळ घेतलेलं आवडत नाही, आईवडील वेगळे झाले आहेत आणि त्यांना शेजारी उभं करायचं नाही. हे ऐनवेळी फोटोग्राफरच्या तोंडून अजाणता निघालं तर पुढचा तास वाया जातो. "मला माझा फोटो आवडत नाही" हेसुद्धा सांगा. तसं सांगणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही. ज्यांच्या मनात ते खोल आहे आणि वर सगळं ठीक आहे, त्यांची वाटते. काहींच्या बाबतीत तर मामला निव्वळ लाजण्याचा नसतो. आजारपणाने शरीर बदललेलं असतं, किंवा जिचं त्या दिवशी असणं सगळ्यात गरजेचं होतं ती व्यक्ती गेलेली असते. तिथे मी युक्त्या वापरत नाही. कॅमेरा खाली घ्या म्हणायचा हक्क त्यांना आहे, आणि तो वापरायला हरकत नाही.

फ्रेंच फोटोग्राफर ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकाकत्या भागांवर काळी टेप लावायचा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात शटर पूर्ण मुकं करता येतं. विधी चालू असताना, कुणी रडत असताना ते वरदान आहे. पण समोरासमोर फोटो काढताना मी आवाज चालू ठेवते. मुक्या कॅमेऱ्यासमोर माणसाला कळत नाही की झालं की अजून चालू आहे, आणि तो चेहरा धरून बसतो. खट् असा आवाज आला की त्याला सुटल्यासारखं वाटतं. त्याच्यापुढचा फोटो चांगला येतो.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात फोनवर स्वतःचे फोटो काढून नाक न्याहाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. २०१८ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक हे पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के मोठं दिसतं. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान, एवढंच त्यामागे आहे. चेहऱ्याचे फोटो मी शक्यतो ८५ मिलिमीटरच्या लेन्सने, दोन-अडीच मीटर मागे उभी राहून काढते. तेवढ्या अंतरावरून नाक, गाल, कान आपापल्या मापात येतात. हाताच्या अंतरावरच्या सेल्फीत दिसलेल्या नाकाची चिंता घेऊन लग्नाला उभं राहू नका. ते नाक त्या दिवशी येणारच नाही.

बाकी तयारीबद्दल फार बोलत नाही. नवे बूट आठवडाभर घरात घालून हिंडा. कपड्यांत उभं राहून बघता तसं बसूनही बघा. सकाळी दोन घास पोटात जाऊ द्या. तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. वेळापत्रकात जिथे काहीच ठरलेलं नाही अशी वीस मिनिटं ठेवा, आणि ती फोटोंना देऊ नका. मी अवघडलेपण म्हणून जे बघते त्यातलं निम्मं तरी घाई, भूक आणि टाचेला आलेला फोड असतो.

ग्रुप फोटोंबद्दल थोडं फोटोग्राफरांच्या बाजूने. "झाला ना एक, आता किती काढणार?" हे वाक्य प्रत्येक लग्नात येतं. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचंच गणित केलं होतं: कुणाचेही डोळे मिटलेले नाहीत असा निदान एक फोटो जवळपास हमखास मिळायला किती फोटो काढावेत? वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. म्हणजे पंधरा जणांसाठी चांगल्या उजेडात पाच, सांजावल्यावर सात-आठ. पन्नास जण असतील तर जवळजवळ आशा सोडा. २००६ मध्ये त्यांना या गणिताबद्दल इग् नोबेल मिळालं. चेष्टेचा पुरस्कार, पण हिशोब माझ्या कामाचा. वधूवरांनी यातून एवढंच घ्यावं की चौथ्या क्लिकपर्यंत हसू राखून ठेवायची गरज नाही. मधे मधे चेहरा सोडून द्या, बोला, मी हाक मारेन तेव्हा बघा.

"सगळे माझ्याकडेच बघत होते" असं नंतर हमखास सांगितलं जातं. मानसशास्त्रात याचा एक प्रयोग आहे. टॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या जणांनी तरी तो बघितला असणार. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांच्या लक्षात आला होता. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लग्नाला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे मी मान्य करते. त्या दिवशी लोक तुमच्याकडे बघायलाच आलेले असतात. पण ते बघतात ते तुम्हाला दोघांना, सगळं मिळून. तुमच्या उजव्या हाताची बोटं नेमकी कुठे आहेत हे बघायला त्यांना सवड नसते. त्यांना स्वतःचे हात सांभाळायचे असतात.

आणि मग काही आठवड्यांनी फोटो हातात येतात. माझ्या दृष्टीने लग्नाचा खरा अवघड दिवस हा. दोघं फोटो उघडतात आणि पहिल्याच मिनिटाला प्रत्येक जण स्वतःला शोधतो, सापडल्यावर नाराज होतो. माझा चेहरा असा वाकडा आहे? भांग या बाजूला कसा? याला एक सरळ कारण आहे. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघितलेलं असतं, म्हणजे उलटं. १९७७ मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी तरुणींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले, एक सुलटा आणि एक आरशातल्यासारखा उलटा. तरुणींचा कल आरशातल्याकडे होता. त्यांच्या मैत्रिणींचा आणि प्रियकरांचा कल सुलट्याकडे, कारण त्यांनी तो चेहरा कायम तसाच बघितलेला. चेहरा एकच, फोटो एकाच निगेटिव्हवरून काढलेले.

म्हणून अल्बमची निवड करताना मी एक पद्धत ठेवली आहे. पहिल्या फेरीत स्वतःचे एकट्याचे फोटो स्वतः निवडायचे नाहीत. तिचे त्याने निवडायचे, त्याचे तिने. दुसऱ्या फेरीत ज्याला त्याला हरकत घेता येते, पण कारण सांगावं लागतं, आणि "मी चांगला दिसत नाही" हे कारण धरलं जात नाही, कारण समोरच्याने ते आधीच फेटाळलेलं असतं. भांडणं होतात. ध्वनिव्यवस्थेवाल्याच्या बायकोने वायर चाचपतानाचा फोटो मुखपृष्ठावर हवा म्हणून हट्ट धरला. त्याचं म्हणणं होतं की त्यात मागे वायरी नीट गुंडाळून ठेवलेल्या नाहीत, ओळखीचे लोक हसतील. शेवटी तो आतल्या पानावर गेला, दोन पानं भरून.